सत्तावीस नंबरची खुंटी

समितीने मला दोन पानं दिली आहेत. वसाहतीला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तिका निघते आहे. तीत एक्केचाळीस बंगल्यांची मी काढलेली चित्रं आहेत, आणि शेवटी ‘आपले माजी राखणदार’ म्हणून चार बरे शब्द लिहा, असं चिटणीसांनी सांगितलं. भाची म्हणून मलाच सांगितलं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की हे दोन पानांत मावायचं नाही, आणि सगळे शब्द बरे असतील असंही नाही.

माझ्या मामाला इथे कुणी नावाने हाक मारत नसे. तो ‘घंटी’. त्याची सायकल माझ्याहून वयाने मोठी, ब्रेक एकाच चाकाला, पण घंटी अशी खणखणीत की या काठाला वाजली तर त्या काठाची बदकं उडायची. वाटेतल्या माणसासाठी एकदा वाजवायची, घरातल्या माणसासाठी फाटकापाशी दोनदा, हा त्याचा छत्तीस वर्षांचा नेम. लग्न केलं नाही. आई म्हणायची, “एक्केचाळीस घरांशी संसार मांडून बसलाय, बेचाळिसावं कुठून सांभाळणार?”

वसाहत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तळ्याभोवती लाकडी, बुटक्या बंगल्या, सगळ्या पाण्याकडे तोंड करून. आत मोटार आणायची नाही हा पहिल्या मालकांचा नियम अजून पाळतात, म्हणून रस्ता दोन सायकली शेजारून जातील एवढाच. नंबर दिले आहेत ते बांधल्या त्या क्रमाने, रांगेने नाहीत. तीनच्या शेजारी सतरा, सतराच्या शेजारी आठ. नव्या माणसाने पत्ता शोधायचा म्हटला तर डोकं धरून बसेल. मामाला ही फेरी पाढ्यासारखी पाठ होती. पायडल मारता मारता पुटपुटायचा, “तीन, सतरा, आठ, चाळीस...” त्यातला एकच तुकडा माझ्या कानात कायमचा बसला आहे. एकोणीस, सत्तावीस, सहा.

मी इथे आले ती चित्रं काढायला, हे अर्धं खरं. मी एका कचेरीत नकाशे काढते, तेव्हा पुस्तिकेचं काम मला मिळालं यात नवल नाही. पण त्याच्या महिनाभर आधी आईला समितीचं पत्र आलं होतं. तुमचे बंधू हल्ली विसरतात अशी कुरकुर आहे, थंडी संपली की किल्ल्या दुसऱ्या कुणाकडे द्याव्यात असा विचार चालू आहे, वगैरे. आईने ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं.

“किल्ल्या गेल्या तर तिथली खोली गेली, आणि खोली गेली तर तो माणूस गेला,” ती म्हणाली. “तू त्याच्याबरोबर राहा. खरंच विसरतो का, एवढं डोळ्यांनी बघ आणि मला सांग. त्याला कळू देऊ नकोस.”

म्हणजे मामाच्याच घरात राहून, मामाचंच खाऊन, मामावरच पहारा. मी हो म्हटलं. मला तेव्हा त्यात फारसं काही वाटलं नाही, हे कबूल करते.

मी पोचले तो थंडीच्या आधीचा शेवटचा पंधरवडा होता. उन्हाळ्यात इथे माणसांची जत्रा असते म्हणतात, मी मात्र पाहिलं ते बंद होत जाणारं गाव. रोज तीन-चार कुटुंबं सामान हातगाडीवर घालून निघायची आणि मागोमाग मामा सायकलवरून जाऊन घर मिटवायचा. मी कधी त्याच्याबरोबर आत जायची. खुर्च्यांवर चादरी, कपाटांत डांबराच्या गोळ्यांचा वास, दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या रेघा, काही रेघांपुढची पोरं आता आजोबा झालेली. आठ नंबरच्या खिडकीत कुणाचा तरी चष्मा उघडाच राहिला होता, बाहेर तळ्याकडे बघत. मामा खिडक्यांची लाकडी दारं एकेक करून लावायचा आणि खोली आमच्याभोवती काळी होत यायची. शेवटची खिडकी लावताना मी नेहमी आधी बाहेर पडत असे. मामा हसायचा. मला हसू येत नसे. रोज संध्याकाळी परतताना मागच्या काठावर एक-दोन दिवे कमी झालेले दिसायचे, आणि उगीचच वाटायचं की यंदा इथे काहीतरी वाईट होणार.

घर मिटवायचं म्हणजे नुसतं कुलूप लावायचं नाही. नळांतलं पाणी बाहेरच्या तोटीने काढून टाकायचं, नाहीतर ते गोठून नळ फुटतात. आणि शेवटी धुरांड्याचं झाकण पाडायचं. प्रत्येक बंगलीत एक लोखंडी शेगडी, तिचं धुरांडं छपरातून वर गेलेलं, त्यावर झाकण. उघडं राहिलं तर पाखरं घरटी करतात, पाऊस आत येतो. या झाकणाची साखळी मात्र घराच्या बाहेरच्या भिंतीवरून खाली आणलेली आहे. पहिल्या मालकांनी हे मोठं सोयीचं केलं, राखणदाराला तेवढ्यासाठी घरात जावं लागू नये म्हणून. ओढली की वर ठण्ण आवाज येतो आणि झाकण बसतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते.

“आत शेगडी पेटलेली असताना पडलं तर?” मी विचारलं.

“एकदा पडलं होतं. वाऱ्याने. मी नवा होतो.” मामा साखळी आकड्याला गुंडाळत म्हणाला. “धूर दिसत नाही गं त्यात. निखाऱ्यांना धूर कुठला? नुसती झोप येते. माणसं तळ्यावर पोहायला गेलेली म्हणून वाचली, कुत्रं घरात होतं ते गेलं. झोपल्यासारखंच पडलं होतं. तेव्हापासून ही खुंटी.”

प्रत्येक फाटकाच्या खांबावर अंगठ्याएवढी जाड लाकडी खुंटी आहे, एका टोकाशी खिळ्यावर फिरणारी. घरात माणूस असेल तर तिचं टोक खाली. घर सोडून जाताना मालकाने ती वर करायची. खुंटी वर दिसली की मामा घर मिटवायला मोकळा.

“पण एकदा दार ठोठावायला काय हरकत आहे?”

“इथं कुणी कुणाचं दार ठोठावत नाही. माणसं इथं गप्प बसायला येतात. खुंटी बघायची, दोनदा घंटी वाजवायची, पुढं जायचं. खुंटी खोटं बोलत नाही. माणसांचं काय सांगावं!”

मला ही रीत फार आवडली. वहीच्या पहिल्याच पानावर मी खुंटीचं छोटं चित्र काढलं आणि शेजारी लिहिलं, वर म्हणजे रिकामं, खाली म्हणजे माणूस.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर दुसरी यादी चालू होती. सोमवारी चहात साखर दोनदा घातली. मंगळवारी चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. कुत्र्याची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. चौतीस नंबरच्या मालकिणीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. आता वाटतं, अशी यादी कुणाचीही करता येईल, माझी तर आधी. पण माणूस एकदा दुसऱ्याच्या चुका टिपायला बसला की त्याला कामाची झिंग चढते.

सत्तावीस नंबरमध्ये बाई राहायच्या. गणिताच्या बाई, निवृत्त होऊन वीस वर्षं झालेल्या, कानाने कमी ऐकणाऱ्या. सगळे गेल्यावर त्या सर्वांत शेवटी जायच्या. मामाचं आणि त्यांचं छत्तीस वर्षांचं भांडण होतं, तेही प्रेमाचं. जाताना बाई त्याला एक कूट गणित घालून जायच्या आणि पुढच्या उन्हाळ्यात उत्तर मागायच्या. मला म्हणाल्या होत्या, “शनिवारी निघते मी. तोवर चित्र काढून घे माझ्या घराचं. आणि ओसरीला पायऱ्या पाच आहेत, चार काढलीस तर फळ्यापाशी उभी करीन.” थंडी वाढली की त्या खिडक्यांची दारं आपल्या आपणच लावून घ्यायच्या, म्हणजे मामाला आत जायचं कारणच उरत नसे.

मी गुरुवारी सकाळी सत्तावीसपाशी गेले. घरात सामसूम होती. बाई उठल्या नसाव्यात किंवा आत काही वाचत असाव्यात. गवत दवाने चिंब. माझ्या पिशवीत कागदांची गुंडाळी, ती ओली होऊन चालणार नाही. ठेवायला जागा शोधली तर समोर फाटकाच्या खांबावर खुंटी. टोक खाली असल्यामुळे पिशवी अडकेना, म्हणून मी ते फिरवून वर केलं आणि पिशवी टांगली.

‘अक्कल खुंटीला टांगणे’ हा वाक्प्रचार शाळेत मी वाक्यात उपयोग करून दाखवला होता. पुढे आयुष्यातही करून दाखवला.

तासभर बसून मी चित्र काढलं. पाच पायऱ्या काढल्या, फाटक काढलं, खांब काढला. कचेरीची सवय म्हणून कोपऱ्यात तारीख आणि वेळ घातली. मग पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि निघाले. इतकंच. खुंटीकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुपारपासून धुकं उतरलं. असं धुकं मी कधी पाहिलं नव्हतं. तळं नाहीसं झालं, मग समोरचा काठ, मग माझ्याच सायकलचं पुढचं चाक दिसेना. मी होड्यांच्या शेडपाशी थांबून मामाची वाट पाहत राहिले. मामाची घंटी दुरून ऐकू यायची. दोनदा. मग खूप वेळ काही नाही. मग पुन्हा दोनदा. मधे एकदा ठण्ण असा आवाज आला आणि पाण्यावरून घुमत गेला. मी अंगाभोवती शाल ओढून घेतली.

तो आला. डबा उघडला, पण घास घेतला नाही.

“बाई गेल्या,” तो म्हणाला. “निरोप न घेता. गणितही न घालता. अशा नाहीत गं त्या.”

मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. मला वाटलं, सापडला! मी मनातल्या मनात वहीचं शेवटचं पान उघडलं, आणि लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, “मामा, बाई शनिवारी जाणार आहेत. आज गुरुवार. विसरलास का?”

“विसरलो नाही. म्हणून तर घोळतंय डोक्यात. पण खुंटी वर होती.”

माझा हात आपोआप खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याकडे गेला.

मामा माझ्या हाताकडे बघत होता. एक क्षण, फार तर दोन. डबा तसाच टाकून तो सायकलवर बसला. अडुसष्ट वर्षांचा माणूस त्या धुक्यात एका ब्रेकच्या सायकलवर असा सुटला की मला त्याच्या मागोमाग फक्त आवाजावर जावं लागलं. तो घंटी वाजवत होता, थांबतच नव्हता. छत्तीस वर्षांत कुणी ती घंटी अशी ऐकली नसेल. मी रडत होते आणि पायडल मारत होते आणि तोंडाने फेरीचा तो तुकडा चालू होता. एकोणीस, सत्तावीस. एकोणीस, सत्तावीस. पुढचा सहा येतच नव्हता.

त्याने आधी साखळी सोडली. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग किल्ली लावली, पण दाराला आतून कडी. मग किल्ल्यांचा अख्खा जुडगा मुठीभोवती गुंडाळून त्याने खिडकीचं लाकडी दार फोडलं, मग काच. हात कापला ते त्याला कळलंही नाही. आत धूर नव्हता, वास नव्हता, काहीच नव्हतं. शेगडीत निखारे छान लाल होते. बाई आरामखुर्चीत होत्या, मांडीवर पुस्तक, मान कलती. झोपल्यासारख्याच. आम्ही दोघांनी त्यांना ओढत ओल्या गवतावर आणलं, आणि त्यांनी पहिला श्वास आवाज करून घेतला तेव्हा मामा त्यांच्या पायापाशी मटकन बसला.

बाई वाचल्या. हे वाक्य मी स्वतःला बरेच दिवस ऐकवत होते. पण डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला हवा कमी पडली होती. माणसं ओळखतात, पण सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, सात आठा किती? मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. त्या खरंच विचारत होत्या.

पुढच्या मंगळवारी समितीची बैठक झाली. कचेरीच्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला अध्यक्ष आणि चिटणीस, दुसऱ्या बाजूला मामा, हाताला पट्टी. मी भिंतीशी.

“पहिल्या दिवशी बाई थोडं बोलल्या,” अध्यक्ष म्हणाले. “खुंटी आपण खालीच ठेवली होती, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. तुम्ही सांगा. खुंटी वर होती की खाली?”

आता तो सांगणार. सांगायलाच हवं. वर होती म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, कुणी केली. त्या दिवशी त्या बाजूला तो आणि मी, तिसरं कुणी नव्हतंच.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं.

“विसरलो,” तो म्हणाला.

छत्तीस वर्षांत तो हा शब्द पहिल्यांदाच बोलला असेल, आणि नेमका तोच शब्द सगळ्यांना ऐकायचा होता. चिटणीसांनी तो लिहून घेतला. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत, त्यांनाही जड जात होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही बरोबर राहिलात. तुम्हाला काही जाणवलं होतं का?”

मला तेव्हा दोन पानं वाचता आली असती. वहीचं पहिलं किंवा शेवटचं. मी शेवटचं उघडलं. साखर, चष्मा, कुत्र्याची गोष्ट, चौतीस नंबरची मालकीण. माझा आवाज अगदी स्पष्ट येत होता. मामा मान हलवत होता, जणू मी पाढे म्हणते आहे आणि ते बरोबर येताहेत.

किल्ल्यांचे दोन जुडगे त्याने टेबलावर ठेवले. एकावर अजून रक्ताचा डाग होता. तो त्याने आधी रुमालाने पुसला.

आता तो आमच्याकडे असतो, मागच्या खोलीत. आईला भीती होती तसा तो गेला नाही, पण दिवसभर खिडकीत बसतो. सायकल जिन्याखाली उभी आहे. त्याला काहीही विसरायला होत नाही. पेपरवाल्याची सुट्टी, आईची औषधं, माझ्या कचेरीच्या वेळा, सगळं लक्षात. आई अधूनमधून माझ्याकडे बघते आणि म्हणते, “मग तिथंच कसं गं झालं असं?” मी काहीतरी कामाला उठते.

गेल्या रविवारी पुस्तिकेसाठी चित्रं द्यायची वेळ आली, तेव्हा मी ती त्याला तपासायला दिली. म्हणाला, “फेरीच्या क्रमाने लाव, नाहीतर माझं डोकं चालायचं नाही.” लावली. त्याने चष्मा पुसला आणि सुरुवात केली. तीन, इथं पन्हाळ उजवीकडे हवी. सतरा, ठीक. आठ, खिडकीत चष्मा काढलास होय, चहाटळ! प्रत्येक चित्रात काही ना काही चूक काढत तो खुशीत पुढे चालला होता. एकोणीस, कौलं जास्त झाली. मग त्याने एक कागद उचलून पालथा घातला, बाजूला सरकवला, आणि पुढचा घेतला.

“सहा.”

“मामा, मधे सत्तावीस आहे.”

“सत्तावीस विसरलो.”

“मामा, ती खुंटी मी—”

“विसरलो म्हटलं ना,” तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. मग टेबलावरचं खोडरबर उचलून त्याने माझ्या हातावर ठेवलं, आणि बोटं मिटवली, लहानपणी गोळी देताना मिटवायचा तशी. “तेवढं नीट कर आणि मग दे छापायला. लोक बारीक बघतात.”

मी पालथा कागद उलटा केला. पाच पायऱ्या बरोबर होत्या. फाटक होतं, खांब होता, खांबावर खुंटी होती, टोक वर. पिशवी तेवढी मी चित्रातून वगळली होती. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात गुरुवारची तारीख आणि सकाळचे साडेनऊ. मामा त्या बाजूला गेला तो दुपारी दोननंतर, हे समितीच्या कागदांत आहेच. त्या बैठकीत हा कागद माझ्याच पिशवीत होता.

खोडरबर मी वापरलेलं नाही. बाईंना हे सांगायला मी उद्या जाणार आहे. परवा त्यांच्या लक्षात राहणार नाही, म्हणून परवाही जाणार आहे. वहीचं पहिलं पान आणि चित्राचा मूळ कागद सोबत जोडला आहे. किल्ल्यांचं काय करायचं ते समितीने ठरवावं. मला चार बरे शब्द लिहायला सांगितले होते, मला येतात ते हे चारच. माझा मामा विसरला नव्हता.

सत्तावीस नंबरचं चित्र छापताना खुंटी वरच ठेवावी, ही विनंती.